कंबरदुखी असताना टूरिंगसाठी कोणती मोटारसायकल घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४२, उंची ५ फूट ६ इंच, वजन ७८ किलो. एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यांमधल्या एल४-एल५ आणि एल५-एस१ या सर्वांत खालच्या दोन गाद्या थोड्या बाहेर आलेल्या. पायात कळ नाही, पण तासभर बसलं की कंबर धरते. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलेली नाही. राहणं पुण्यात, महिन्यातून एकदोनदा कोकण किंवा सातारा, वर्षातून एखादी गोवा-हंपीसारखी मोठी फेरी, कधी कधी मागे बायको. क्रूझर (बुटकी, पाय पुढे टाकून बसायची) घ्यावी, ॲडव्हेंचर (उंच, खराब रस्त्यांसाठीची) घ्यावी, की आहे ती १५० सीसीच पुरे?

आधी थेट उत्तर. क्रूझर नको. फुटपेग (पाय ठेवायचे दांडे) खुब्याच्या साधारण खाली असलेली, मागच्या चाकाला किमान १५० मिमी सस्पेन्शन ट्रॅव्हल (चाक वरखाली होण्याची जागा) असलेली, २०० किलोच्या आतली, ताठ बैठकीची गाडी बघा. आणि बजेटमधला दहावा हिस्सा गाडी तुमच्या मापाची करून घेण्यासाठी राखून ठेवा. जुन्या १५० सीसीबद्दल शेवटी सांगतो, कारण तो पर्याय लोक उगाच बाद करतात.

त्याआधी एक तपासणी. मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय असं वाटलं, किंवा एका पायातली ताकद कमी झाली (चवड्यावर किंवा टाचेवर चालता येत नाही), तर गाडीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप, विनाकारण घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा पडल्यानंतर सुरू झालेली कंबरदुखी असेल तरी आधी डॉक्टर. इथून पुढचं सगळं यातलं काही नसलेल्या, नेहमीच्या कंबरदुखीसाठी आहे.

क्रूझर शोरूममध्ये छान वाटते, हे खरं. सीट ७४० ते ७६५ मिमीवर, दोन्ही टाचा जमिनीला, गादी ऐसपैस. पण हे सुख स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीचं आहे. पाय पुढे गेले की कमरेचं हाड मागे कलंडतं, कमरेला आत जो नैसर्गिक बाक असतो तो सपाट होतो आणि माणूस आपोआप पोक काढून बसतो. मणक्यातल्या गादीची पुढची कड दाबली जाते आणि आतला गर मागे, नसांच्या दिशेने सरकू पाहतो. गादी आधीच बाहेर आलेल्याला नेमकं हेच नको असतं. दुसरी अडचण त्याहून मोठी. पाय पुढे असले की खड्डा समोर दिसत असूनही बूड उचलता येत नाही. घरच्या खुर्चीत बसा, पाय पुढे लांब करा आणि हात न टेकता उठून बघा. मग तेच पाय गुडघ्यांखाली घेऊन उठा. फरक तिथल्या तिथे कळेल. क्रूझरवर प्रत्येक दणका माकडहाडातून सरळ कमरेत जातो. पेग खाली असलेल्या गाडीवर तोच दणका गुडघे आणि मांड्या झेलतात. कंबरदुखीवाल्याने गाडी निवडताना बाकी सगळ्याच्या आधी हे एक बघावं: चालत्या गाडीवर वजन बुडावरून पायांवर चटकन घेता येतं का?

रॉयल एनफील्ड मीटिअर ३५० चे पेग अमेरिकन थाटाच्या क्रूझरइतके पुढे नाहीत, त्यामुळे ती अगदीच बाद नाही. सुपर मीटिअर ६५० मात्र २४१ किलोची, मागे १०१ मिमी ट्रॅव्हल, पाय पुढे. हायवेवर तिच्यासारखी मजा नाही, पण तुमच्या कमरेसाठी ती चुकीची.

आता ट्रॅव्हलचं. अनेकांचा समज असा की सिंगल सिलिंडरच्या थरथरीने कंबर जाते, म्हणून मखमली चालणारी ट्विन (दोन सिलिंडरची) घ्यावी. हिशेब वेगळं सांगतो. बसलेल्या माणसाचा कणा उभ्या दिशेने सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा हलवला तर सर्वांत जास्त हेलकावे खातो. इंजिन ४००० आरपीएमवर असताना सेकंदाला जवळपास ६७ फेरे घेतं. ती थरथर हातांना मुंग्या आणते, आरशात धूसर दाखवते, पण कमरेपर्यंत पोचेस्तोवर सीटची गादी आणि मांड्या ती गिळून टाकतात. रस्त्याचं तसं नाही. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११ मीटर. डांबराच्या ठिगळांचे उंचवटे दोन-दोन मीटरवर आले की सेकंदाला साडेपाच दणके झाले, म्हणजे बरोब्बर वाईट पट्ट्याच्या मधोमध. म्हणून इंजिन नव्हे, मागचा शॉकअप बघून गाडी घ्यायची. इंटरसेप्टर ६५० चं इंजिन लोण्यासारखं, पण मागच्या चाकाला ट्रॅव्हल ८८ मिमी. जुनी हिमालयन ४११ इंजिनाने राकट, पण मागे १८० मिमी. कोकणातून परत आल्यावर कंबर कुणाला दुवा देईल हे उघड आहे.

आपल्याकडचे रस्ते हा मुद्दा आणखी पक्का करतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी चालत नाही, समृद्धी महामार्गावर चालत नाही, अटल सेतूवर चालत नाही. म्हणजे जिथे सपाट काँक्रीट आहे तिथे आपल्याला प्रवेशच नाही. आपल्या वाट्याला येतात जुना मुंबई-पुणे रस्ता, ताम्हिणी, आंबेनळी, आंबोली, गावोगावचे गतिरोधक, त्याआधीच्या रबरी पट्ट्या आणि वर्षानुवर्षं काम चालू असलेला मुंबई-गोवा महामार्ग. बहुतेक वेळ वेग ५० ते ८० च्या दरम्यान. ताशी १४० ला गाडी किती शांत धावते, हा तुमचा प्रश्नच नाही. ताशी ३० ने खड्ड्यात गेल्यावर काय होतं, हा आहे. पुढचं चाक १९ किंवा २१ इंची असेल तर तोच खड्डा १७ इंचीपेक्षा कमी जाणवतो, कारण मोठं चाक कडेवरून चढून जातं, आत पडत नाही.

गाड्यांची नावं हवीत म्हणून सांगतो. तुमच्या उंची-वजनाला आणि अधूनमधून मागे बायको असण्याला हिमालयन ४५० सरळ बसते: पुढे-मागे २०० मिमी ट्रॅव्हल, १९६ किलो, सीट ८२५ मिमी (वरच्या खाचेत ८४५), कमी उंचीची सीट घेतली तर ८०५, टाकी १७ लिटरची. वजन ही तिची पडती बाजू. पार्किंगमधून मागे ओढताना ती जाणवते. एकट्याने फिरणं जास्त असेल तर हीरो एक्सपल्स २१० माझ्या मते कमरेसाठी जास्त शहाणी निवड आहे: पुढे २१०, मागे २०५ मिमी आणि वजन १७० किलोच्या आत. तिची सीट अरुंद आहे, ती बदलून घ्यावी लागेल. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलोची, इंजिन गुळगुळीत, रस्त्यावरच राहणाऱ्यांसाठी उत्तम; सीट ८३५ मिमीवर आहे, तुमचे चवडे टेकतील, टाचा नाहीत. ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ४०० एक्सला दोन्हीकडे १५० मिमी, म्हणजे मी सांगितलेल्या मर्यादेवर. केटीएम ३९० ॲडव्हेंचरचं सस्पेन्शन चांगलं आहे, पण हलक्या माणसाला सुरुवातीला कडक वाटतं आणि सेटिंगला वेळ द्यावा लागतो. रॉयल एनफील्ड क्लासिक आणि होंडा सीबी३५० या बैठकीला चांगल्या, शॉकअपला बेताच्या; सपाट रस्त्याने सातारा-कोल्हापूर करणाऱ्याला चालतील, कोकणात नाही. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्यावर ४० टक्के झालाय, त्यामुळे २०० ते २५० सीसीची गाडी घेऊन वाचलेले पैसे सीट आणि शॉकअपवर घालणं हा हिशेबही आता जास्त जुळतो.

हे सगळं ओणवं झाल्यावर किंवा बसल्यावर दुखणाऱ्यांसाठी. काहींचं उलट असतं: उभं राहिलं, चाललं, मागे वाकलं की दुखतं आणि पुढे वाकून बसलं की आराम. नसांचा मार्ग अरुंद झालेला असतो किंवा एक मणका पुढे सरकलेला असतो. अशा माणसाला रुंद, उंच हँडलची ॲडव्हेंचर गाडी छाती काढायला लावते आणि त्रास वाढवते. त्याने किंचित पुढे झुकवणारी रोडस्टर (साधी, रस्त्यावरची गाडी) बघावी. माकडहाडच दुखत असेल तर गाडीपेक्षा सीटचा प्रश्न आहे, मागच्या बाजूला खाच असलेला फोम कापून घ्यावा. आपलं दुखणं कोणत्या जातीचं हे फिजिओथेरपिस्ट पंधरा मिनिटांत सांगतो. ते विचारल्याशिवाय तीन लाख खर्च करू नका.

बैठक कशी तपासायची

गाडी सरळ उभी धरायला कुणाला तरी सांगा आणि बाजूने फोटो काढून घ्या. टी-शर्ट खोचा, नाहीतर कमरेचा बाक दिसणार नाही. बुडाखालची दोन टोकदार हाडं गादीवर टेकलेली हवीत, माकडहाड नव्हे. पाठ अगदी काटकोनात नको. पाच ते दहा अंश पुढे झुकलेली चांगली, कारण पूर्ण ताठ बसलं की दणका कण्यातून उभाच्या उभा वर जातो. कोपरं सैल, किंचित वाकलेली. हँडल गाठण्यासाठी खांदे पुढे ओढले जात असतील तर हँडल लांब आहे. गुडघा ९० अंशांपेक्षा मोकळा हवा. फार दुमडला तर गुडघा वर येतो, खुबाही जास्त दुमडतो, कमरेचं हाड मागे कलंडतं आणि ताठ गाडीवरसुद्धा क्रूझरसारखंच पोक येतं. उंच माणसांना छोट्या गाडीवर कंबर धरते ती यामुळे. त्यांनी सीट उंच करावी, हँडल नव्हे.

मग पेगवर उभे राहा. हँडलला न लोंबकळता, गुडघ्यांनी टाकी धरून, दोन इंच उठता आलं पाहिजे. पुढे कोसळल्यासारखं वाटलं तर पेग मागे आहेत, उठायला हँडल ओढावं लागलं तर पुढे आहेत.

सीटचा उतारही बघा. पुष्कळ गाड्यांची गादी टाकीकडे उतरती असते. दर ब्रेकला माणूस पुढे सरकतो, मग मागे रेटतो, असं दिवसभर चालतं आणि संध्याकाळी कंबर दगड होते. शोरूममधला विक्रेता तुम्हाला टेस्ट राइड म्हणून चौकापर्यंत नेऊन आणतो, त्यात यातलं काही कळत नाही. ज्या दोन गाड्यांमध्ये अडकलाय त्या भाड्याने घ्या. पुण्यात, मुंबईत, गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या मिळतात. एका दिवसात शंभर-दीडशे किमी, त्यात एक घाट आणि एक वाईट रस्ता. निकाल त्या दिवशी लावू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालताना कंबर काय म्हणते ते बघा. रोजच्याइतकीच दुखत असेल तर गाडी पास. दुखणं कमरेतच राहिलं पण वाढलं, तर सेटिंगने सुटण्याची शक्यता आहे. कुल्ल्यातून मांडीमागे, पोटरीकडे उतरू लागलं तर ती गाडी कितीही आवडली तरी तुमची नाही.

शॉकअप वजनाला लावणं

नवी गाडी ताब्यात आली की ॲक्सेसरीजच्या आधी हे करा. बहुतेकांची गाडी कधीच त्यांच्या वजनाला लावलेली नसते. कंपनी एक मधलं वजन धरते. ५५ किलोवाल्याला ती गाडी दगडासारखी लागते, ९५ किलोवाल्याची तळाला आपटते.

मोजपट्टी आणि दोन माणसं लागतात. मागच्या चाकाच्या आसाच्या बरोबर वर, शेपटीच्या प्लास्टिकवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन किंवा दोघांनी उचलून मागचं चाक हवेत येऊ द्या आणि आसापासून चिकटपट्टीपर्यंतचं अंतर मोजा. समजा ६२० मिमी आलं. आता गाडी चाकांवर ठेवा. हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं घालून, नेहमी बसता तसे बसा; एकाने गाडी सरळ धरायची, दुसऱ्याने मोजायचं. मोजण्याआधी दोनदा शेपटी दाबून सोडा, नाहीतर सीलच्या घर्षणामुळे आकडा फसवा येतो. आता ५६० आलं, तर गाडी ६० मिमी बसली. २०० मिमी ट्रॅव्हलचे हे ३० टक्के, म्हणजे बरोबर. २५ ते ३५ टक्क्यांत कुठेही चालेल. १५० मिमीच्या गाडीला ४० ते ५०.

२०० मिमीच्या गाडीला आकडा ७५-८० आला तर प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून बसवलीय ते) वाढवा, ४० आला तर कमी करा. जोड शॉकअपच्या गाड्यांना पाच-सहा खाचांची कडी असते, टूलकिटमधल्या अर्धगोल पान्याने फिरते; दोन्ही बाजू एकाच खाचेत हव्यात. मोनोशॉकला (मध्ये एकच शॉकअप) आट्यांची रिंग असते, आधी वरची लॉक रिंग सैल करायची. फिरवण्यापूर्वी आटे ब्रशने साफ करून थेंबभर तेल सोडा. चिखल अडकलेली रिंग जोर लावून फिरवली की आटे झिजतात.

कंबरदुखीवाले इथे एक चूक हमखास करतात: मऊ बरं म्हणून प्रीलोड अगदी शेवटच्या खाचेपर्यंत उतरवतात. प्रीलोडने स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही, गाडी किती उंचीवर तरंगते एवढंच बदलतं. फार उतरवलं की उरलेला ट्रॅव्हल अपुरा पडतो, मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो आणि तो एक दणका दिवसभराच्या बारीक गचक्यांपेक्षा वाईट असतो. कंबरेत उसण भरते ती अशाच वेळी. प्रीलोड सगळा वाढवूनही गाडी ३५ टक्क्यांहून जास्त बसत असेल, तर स्प्रिंगच बदलायला हवी. बायको आणि सामान घेऊन निघताना पुन्हा मोजा, तेव्हा किती खाचा वाढवाव्या लागल्या ते टाकीच्या टोपणाच्या आतल्या बाजूला किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि परत आल्यावर तितक्याच उतरवा. उतरवायचं विसरणारे फार.

टायरमधली हवा हा याच कामाचा अर्धा भाग. चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या चिमट्यावर, स्टिकर असतो. थंड टायरला तेवढीच हवा भरा. पंपावरचा पोरगा सवयीने पाच-सात पीएसआय जास्त ठोकतो, आणि शॉकअप पोचायच्या आधीचे बारीक गचके टायरने गिळायचे असतात ते मग सरळ वर येतात. स्वतःचा गेज ठेवा.

सीट, हँडल, सामान

मऊ गादी म्हणजे आराम, हा समज सोडा. मऊ फोम अर्ध्या तासात पूर्ण दाबला जातो आणि खालची प्लास्टिकची पाटी लागायला लागते. फोम घट्ट हवा, वर दीड-दोन सेंटीमीटरचा मऊ थर, माथा सपाट, बुडाच्या जागी रुंद आणि पुढे मांड्यांसाठी निमुळता. सीटवाल्याकडे कव्हर शिवण्याआधी नुसत्या फोमवर बसून वीस मिनिटं घालवा. तो घाई करेल, करू दे. जेलचा तुकडा घालायचा असेल तर तो उन्हात तापतो हे लक्षात असू द्या. वरून बांधायची हवेची उशी जास्त सोपी, पण ती टम्म फुगवू नका. बसल्यावर हाडं आणि सीट यांत बोटभर हवा राहील इतकीच फुगवा.

हँडल वर आणि जवळ आणणारे रायझर २० ते ३० मिमीचे पुरतात. लावल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा. आरपीएम वाढले तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. तशी गाडी चौकात वळताना स्वतःच पळेल. ब्रेकचा होज आणि क्लचची केबलही ताणलेली नको. त्याआधी फुकटचा उपाय करून बघा: हँडलच्या क्लॅम्पचे चार बोल्ट सैल करून हँडल पाच-सात अंश स्वतःकडे फिरवा, मग लिव्हरही त्याच हिशेबाने खाली घ्या. बऱ्याचदा काम तेवढ्यातच होतं.

बॅकपॅक अजिबात नको. पाठीवर आठ किलो म्हणजे प्रत्येक दणक्याला आठ किलो जास्त, तेही थेट एल५-एस१ वर. सगळं ओझं गाडीवर, जड वस्तू खाली आणि पुढे. एकटे असाल तर मागच्या सीटवर गोल बॅग आडवी बांधा आणि ती कमरेच्या हाडाला, बेल्टच्या रेषेत टेकेल अशी पुढे ओढा. बॅग पाठीच्या मध्यावर टेकली तर उलट पोक येतं. विंडस्क्रीन ताशी ८० च्या वर उपयोगी पडते, कारण छातीवर येणारा वारा झेलायला पोट आणि कंबर आवळून धरावी लागते. कड डोळ्यांच्या किंचित खाली हवी. कमरेचा पट्टा वाईट रस्त्याच्या तुकड्यापुरता आवळा, थांबल्यावर सोडा. दिवसभर बांधून ठेवला तर स्नायू आळशी होतात.

गाडी चालवताना जितक्या कमरा जातात त्याहून जास्त गाडी ढकलताना जातात, असं माझं ठाम मत आहे. उतारावर पुढचं चाक खाली करून लावू नका, मागे ओढावी लागेल. मधल्या स्टँडवर घेताना हात उचलण्यासाठी नसतात, फक्त तोल धरण्यासाठी. पूर्ण वजन उजव्या पायाने स्टँडच्या पट्टीवर टाका, गाडी स्वतः चढते. चढत नसेल तर मागच्या चाकाखाली बोटभर जाडीची फळी ठेवा. मुक्कामाला पोचल्या पोचल्या बॅगा काढू नका. दोन-तीन तास एकाच स्थितीत बसल्यावर कण्याभोवतीचे बंध सैलावलेले असतात. दहा मिनिटं चाला, चहा घ्या, मग बॅग दोन्ही हातांनी पोटाजवळ धरून, पाय वळवून फिरा. कंबर पिळून बाजूची बॅग उचलणं हे सर्वांत वाईट. सकाळी उठल्यावरचा पहिला तासही जपायचा. रात्रीतून मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि तेव्हा ओणवं होऊन चेनला तेल लावणं महागात पडतं. चेनचं काम आदल्या संध्याकाळी, ती दहा मिनिटं चालून झाल्यावर, चेन गरम असतानाच करा. गरम चेनमध्ये तेल चांगलं मुरतंही.

रस्त्यावर ४५ मिनिटांनी उतरायचं, कंबर दुखो वा न दुखो. दुखल्यावर थांबलं की उशीर झालेला असतो. तुमच्या जातीच्या दुखण्याला कमरेवर तळवे ठेवून हळूहळू मागे आठ-दहा वेळा वाकणं सोसतं का ते फिजिओला विचारून घ्या. सोसत असेल तर प्रत्येक थांब्यावर तेच. गतिरोधक आणि रबरी पट्ट्यांवर दणका बसण्याआधी उठा, बसल्यावर नव्हे.

राहिली जुनी १५० सीसी. नवी गाडी घेण्याआधी तिच्यावर महिनाभर हेच सगळं करून बघा: हवा, प्रीलोड, हँडल फिरवणं, फोम. आधी मागची शेपटी जोरात दाबून सोडा. वर येऊन एकदा स्थिरावली तर शॉकअप जिवंत आहेत. दोन-तीनदा डुलली किंवा दांड्यावर तेलाचा ओला डाग दिसला तर जोडीने बदला, एक बदलून भागत नाही. पुण्यात नाना पेठेत जोडी मिळते, पण डबा उघडून दोन्हींची लांबी आपल्या जुन्याशी जुळवून घ्या. मग स्विंगआर्म हाताने आडवा हलवून बुश तपासा, पुढचं चाक उचलून कोनसेट (हँडलची बेअरिंग). एवढं करून ताम्हिणीतून एक फेरी आणि दुसऱ्या सकाळची परीक्षा. पास झालात तर नव्या गाडीचे पैसे सध्या बँकेत राहू द्या. नापास झालात तर निदान फोम, हवा आणि प्रीलोड यांनी किती सुटतं आणि ट्रॅव्हलची कमतरता कुठे नडते हे कळलेलं असेल, आणि शोरूममध्ये तेवढाच प्रश्न विचारायला जाल.